चमचाभर तूप

सकाळी सव्वादहा वाजता म्हैसूरच्या गोकुलम भागातल्या त्या दोन खोल्यांच्या स्वयंपाकघरातली वीज गेली, तेव्हा गोदावरीबाई माने मिक्सरमधला टोफू चिमटीत घेऊन बघत होत्या. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासायचं आणि कण लागतोय का ते बघायचं, ही त्यांची परीक्षा. कण लागला नाही. टोफू अगदी लोण्यासारखा झाला होता, पण तेवढ्यात फ्रिजची घरघर बंद पडली.

त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. कोपऱ्यावरच्या खांबाला शिडी लागली होती. शिडीखालच्या माणसाला विचारलं, तर तो म्हणाला, तारांचं काम आहे अज्जी, तीन तरी वाजतील, कदाचित चार. गोदावरीबाईंनी मनातल्या मनात तास मोजले. चॉकलेटची पाई चार तास थंडाव्यात बसल्याशिवाय तिचा तुकडा उभा राहत नाही. पाई कापायची होती साडेपाचला. चार वाजता वीज आली तर मुलांना पाई नव्हे, पिठलं वाढायची वेळ येणार होती.

दुसऱ्या कुणाची असती तर त्यांनी खुशाल 'उद्या या' म्हणून सांगितलं असतं. गोकुलमला योग शिकायला येणारे परदेशी लोक मोठे समजूतदार, ते उद्याही येतात आणि परवाही. पण ही पाई मृण्मयीची होती. मृण्मयी म्हणजे ह्या स्वयंपाकघराच्या मालकिणीची, अदितीची, एकुलती एक मुलगी. आज तिला नऊ वर्षं पूर्ण होत होती.

मृण्मयीला दूध चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट बिघडे असं नव्हे. वर्षाची असताना एका लग्नात कुणीतरी प्रेमानं तिला तूप लावलेल्या पोळीचा घास भरवला होता. पाच मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, घसा आवळला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत ती निळी पडली होती. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की दूध, दही, लोणी, तूप, काही म्हणजे काही नको, थेंबसुद्धा नको. तेव्हापासून अदितीच्या पर्समध्ये पेनासारखी एक इंजेक्शनची नळी असे. घरातून निघताना ती आधी नळी चाचपे आणि मग किल्ल्या.

अदिती मूळची पुण्याची. नवरा अमेय कंप्युटरच्या कंपनीत, त्याच्या नोकरीपायी ती म्हैसूरला आली आणि बोगादीला घर घेऊन राहिली. लेकीसाठी म्हणून ती दुधाशिवायचे गोड पदार्थ शिकली. मग प्राण्यापासून आलेलं काहीच न खाणारे गोकुलममधले परदेशी ते मागायला लागले आणि तिनं हे स्वयंपाकघर थाटलं. दारावर तिनं स्वतःच्या अक्षरात तीन नियम लिहून चिकटवले होते. दुधाची कुठलीही वस्तू आत येणार नाही. बाहेरचं भांडं आत येणार नाही. तयार झालेला पदार्थ गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत दुसऱ्या कुठल्याही स्वयंपाकघरात जाणार नाही. लोकांना हे जरा अतीच वाटे, पण विषाची परीक्षा कोण घेणार?

गोदावरीबाईंना मात्र ते कधीच अती वाटलं नव्हतं. त्या नजरबादच्या. पणजोबा महाराजांच्या घोडदळात होते. पुढे घोडे गेले, महाराजही गेले, घरात मराठी तेवढी उरली आणि तीही कन्नडमध्ये चांगली भिजलेली. अदितीचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं होतं की ही बाई पुस्तक वाचून दाखवतेय. नवरा गंगाधरराव सरकारी कचेरीत जमादार होते, आता निवृत्त. तीस वर्षं गोदावरीबाईंनी सहा माणसांचा स्वयंपाक केला आणि तीस वर्षांत कुणी चांगलं म्हटलं नाही. मीठ कमी पडलं तरच पंगतीतून आवाज येई. सासूसासरे गेले, मुलगा हुबळीला गेला, आणि बावन्नाव्या वर्षी त्यांनी आयुष्यातली पहिली नोकरी धरली, ती ही. लोकांकडे स्वयंपाकाला जायचं हे गंगाधररावांना लागलं होतं. महिनाभर ते बायकोशी धड बोलले नाहीत. त्याही बोलल्या नाहीत. महिना संपला तेव्हा भांडणही आपोआप संपलं.

आणि मग पाई आली. अदिती ती पुस्तकात बघून करायची, आणि दर वेळी ती रवाळ व्हायची. खाणारे सभ्य होते म्हणून खायचे. गोदावरीबाईंनी आठ दिवस नुसतं बघितलं. नवव्या दिवशी त्या म्हणाल्या की ताई, तुम्ही गार टोफूवर गरम चॉकलेट ओतताय, ते घाबरून गोळा होणारच. त्यांनी टोफू आधी मिठाच्या कोमट पाण्यात ठेवला, त्याचा सोयाचा वास गेला. मग फडक्यावर निथळला, वाटला, आणि दोन्ही एका ऊबेला आल्यावरच एकत्र केलं. वर दोन चमचे फिल्टर कॉफीचा कडक डिकॉक्शन घातला. तळाला बिस्किटांऐवजी भाजलेली नाचणी, गूळ आणि खोबरेल तेल थापलं. त्या दिवशी एक उंच जर्मन बाई पाई खाऊन स्वयंपाकघरात आली आणि तिनं गोदावरीबाईंना वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी अदितीनं बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं: गोदा पाई. रेशनकार्ड सोडलं तर गोदावरीबाईंचं नाव आजवर कुठं लिहिलेलं नव्हतं. सात वर्षं झाली, रोज सकाळी आत शिरताना त्या फळ्याकडे एकदा बघतच, कुणी पुसलं तर नाही ना म्हणून.

तर वीज गेली होती आणि टोफू वाटून तयार होता. अदिती बोगादीला फुगे आणि माणसं सांभाळत होती. तिला फोन करावा असं गोदावरीबाईंच्या मनात आलं. पण फोन केला तर ती एकच म्हणणार, राहू दे, पाई नको. मृण्मयीनं वर्गातल्या दहा मुलांना सांगून ठेवलं होतं की माझ्या वाढदिवसाला केक आहे, आणि तो मी पण खाणार आहे. आजवर वर्गातल्या प्रत्येकाच्या वाढदिवसाला इतर मुलांनी केक खाल्ला होता आणि तिनं घरून नेलेल्या तेलातल्या पुऱ्या.

नजरबादला आपला फ्रिज आहे, गोदावरीबाईंनी विचार केला. झाकून ठेवायची, काढून आणायची, ह्या कानाचं त्या कानाला कळायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. नियम काय परक्यांसाठी असतात, आपल्या हातावर आपला भरवसा नाही तर कुणाचा असायचा?

त्यांनी चॉकलेट वितळवलं, पाई भरली, घट्ट झाकणाच्या डब्यात बसवली आणि डबा मांडीवर घेऊन रिक्षानं घर गाठलं. घरी दुधाचं पातेलं आणि दह्याचा सट फ्रिजमधून काढून ओट्यावर ठेवले. वरचा कप्पा गरम पाण्यानं तीनदा पुसला. डबा आत ठेवून त्यांनी गंगाधररावांना सांगितलं की ह्याला हात लावू नका, ही मृण्मयीची वाढदिवसाची पाई आहे. मग मुलांच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी करायला त्या परत गोकुलमला गेल्या. ते काम गॅसवरचं होतं, त्याला वीज लागत नव्हती.

हात लावू नका म्हणाल्या, पण का ते सांगितलं नाही. घाईत होत्या.

तीन वाजता त्या पुन्हा नजरबादला पोचल्या तेव्हा गंगाधरराव जेवून झोपले होते. त्यांनी उभ्या उभ्या डब्याचं झाकण उचलून बघितलं. पाई सुरेख बसली होती. मधोमध तर अशी चकाकत होती की त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. सात वर्षांत अशी चमक आली नव्हती. आज हात चांगला लागलाय, असं म्हणत त्यांनी झाकण लावलं. घरात तुपाचा वास होता, पण त्या घरात तुपाचा वास कधी नव्हता? शुक्रवार होता, देव्हाऱ्यात निरांजन तेवत होतं.

त्या परतल्या तेव्हा गोकुलमची वीज आली होती. पाई फ्रिजमध्ये गेली. सव्वाचारला अदिती गाडी घेऊन आली. तिनं फ्रिज उघडला, पाईकडे बघून ती खूश झाली आणि मग सहज विचारलं की समोरची बाई सांगत होती, सकाळी वीज गेली होती म्हणे.

"आली की बेगच," गोदावरीबाई म्हणाल्या आणि पुऱ्यांच्या डब्याला फडकं बांधायला लागल्या.

बोगादीच्या घरात दहा मुलं म्हणजे वीस मुलांचा गलका होता. मृण्मयीनं निळा फ्रॉक घातला होता. टेबलावर पाई आली तेव्हा तिनं मैत्रिणींना एका रांगेत उभं केलं आणि प्रत्येकीला सांगितलं की हा गोदा अज्जीनं केलाय आणि ह्यात दूध नाही. एकीनं विचारलं, मग तो केक कसा? मृण्मयीनं तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी गप्प बसली. अमेय बंगळूरूहून निघाला होता, वाटेत अडकला होता. त्याची वाट न बघता अदितीनं मेणबत्त्या लावल्या. मुलांनी गाणं म्हटलं, फुंकर घातली, टाळ्या झाल्या. गोदावरीबाई भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही.

तेवढ्यात कमरेला खोचलेला त्यांचा फोन थरथरला. गंगाधरराव होते. त्या दाराशी गेल्या. ते विचारत होते, कापला का मगूचा केक? आवडला का तिला? मगू म्हणजे बाळ, मृण्मयीला ते तसंच म्हणत.

कापतायत, त्या म्हणाल्या, आता ठेवा.

"नैवेद्य दाखवूनच दिलाय हो मी," गंगाधरराव म्हणाले. "लक्ष्मीपुढं ठेवला. मगूला उदंड आयुष्य दे म्हटलं. नऊ वर्षांची झाली बघ, स्वल्प कठीणच होतं तिचं."

गोदावरीबाईंना पुढचं विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "तूप घातलं?"

"मग? तुपाशिवाय नैवेद्य असतो का? अन्नशुद्धी नको?" ते म्हणाले. "चमचाभर कढत घातलं, मधोमध, लगेच जिरलं. दूध नाही सोसत तिला, ते मला माहीत आहे. तूप कुठं दूध आहे?"

ते आणखी काही बोलत होते. गोदावरीबाईंनी फोन कानावरून काढला. मागे वळून पाहिलं तर अदितीनं लेकीच्या हातात सुरी दिली होती आणि वरून आपला हात धरला होता. सुरीचं टोक पाईच्या मधोमध, त्या चकाकत्या जागेवर टेकलं होतं.

पाच पावलांचं अंतर. ती पाच पावलं चालताना गोदावरीबाईंच्या डोक्यात काय काय आलं हे त्यांनी पुढे कधी कुणाला नीट सांगितलं नाही. ओरडता आलं असतं. पण ओरडलं की सगळं सांगावं लागणार. पाई बाहेर नेली, घरच्या फ्रिजमध्ये ठेवली, विचारल्यावर वीज लगेच आली म्हणून खोटं सांगितलं. दहा मुलं आणि त्यांच्या आया बघत होत्या. गोदावरीबाई टेबलाशी पोचल्या, थांबा, ताटली वाकडी आहे, सरळ करते असं म्हणाल्या, आणि ताटली उचलून त्यांनी ती सोडून दिली.

पाई फरशीवर पालथी पडली.

अदितीचा चेहरा पडला, पण ती समजूतदार बाई. ती लगेच म्हणाली की असू दे मावशी, हात सुटतो कधी कधी, तुम्हाला लागलं नाही ना? मग मुलांकडे वळून म्हणाली, चला, पुऱ्या खायला बसू. गोदावरीबाई फडकं घेऊन खाली बसल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला होता. पोरगी वाचली. आपलंही नाव वाचलं. आजची पाई गेली, उद्या दुसरी करू, आणि पुन्हा कधीही, कधीही असं करणार नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या. सांगता सांगता त्या फरशी नको तितकी जोरात पुसत होत्या.

मृण्मयी त्यांच्याजवळ येऊन उकिडवी बसली. तिचे डोळे भरले होते, पण ती रडली नाही. कुणी ऐकू नये म्हणून ती त्यांच्या कानाशी वाकली.

"अज्जी, तू वाईट वाटून घेऊ नको. मेणबत्त्या लावायच्या आधी मी बोटानं चाखलं होतं. आईला सांगू नको. बेस्ट झालं होतं."

गोदावरीबाईंचं फडकं थांबलं.

कुठून चाखलंस, त्यांनी विचारलं. मृण्मयीनं खांदे उडवले. कुठूनतरी. तिच्या उजव्या बोटाच्या नखाशी अजून तपकिरी रेघ होती.

आता ह्या जागी चांगल्या माणसानं काय करावं ते तुम्हाआम्हाला घरात बसून झटकन सांगता येतं. गोदावरीबाई वाईट नव्हत्या. त्यांना त्या पोरीबद्दल आपल्या नातवंडांइतकीच माया होती. पण माणसाचं मन त्या वेळी फार हुशार होतं. ते म्हणालं, तूप मधोमध होतं, पोरीनं कडेनं चाखलं असेल. ते म्हणालं, चाखून दहा मिनिटं तरी झाली असतील, व्हायचं असतं तर एव्हाना झालं असतं. एनू आगल्ल, काही होत नाही. ते म्हणालं, उगाच बोभाटा करून काय मिळणार आहे? त्यांनी एक मेणबत्ती उचलली, पुसली, ताटलीत ठेवली. दुसरी उचलली. नजर मात्र पोरीच्या ओठांवर होती. ओठ रोजच्यासारखेच होते. तिसरी उचलली. मृण्मयी उठून मुलांच्यात गेली. गोदावरीबाई तशाच बसून फरशीवरचे तुकडे गोळा करत राहिल्या आणि गोळा करता करता तिच्याकडे बघत राहिल्या.

मृण्मयीनं पुरी हातात घेतली. ती खाल्ली नाही. तिनं हनुवटी वर करून गळा खाजवला. मग खाकरली. मग पुन्हा खाजवला.

"अदितीताई," गोदावरीबाई म्हणाल्या. मुलांच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. त्यांनी ताटली खाली ठेवली आणि उभं राहून पुन्हा हाक मारली. "अदितीताई, पाईत तूप होतं. चमचाभर तूप. मी घरी नेली होती. मृण्मयीनं चाखलंय. ते पेन काढा."

अदितीनं एकदाही 'काय?' म्हणून विचारलं नाही. पर्स खांद्यालाच होती. तिनं लेकीला जमिनीवर आडवं केलं, निळ्या फ्रॉकवरूनच मांडीत नळी दाबली आणि धरून ठेवली. तिचे ओठ हलत होते, ती आकडे मोजत होती. मृण्मयीचा खालचा ओठ एव्हाना एका बाजूनं फुगला होता आणि श्वासाला बारीक शिट्टी येत होती. एका मुलाच्या आईनं गाडी काढली. अदिती लेकीला घेऊन मागे बसली. गोदावरीबाई न विचारता पुढे बसल्या, त्यांना कुणी उतर म्हटलं नाही. सगळ्या वाटेवर अदिती एकच वाक्य बोलत होती, मृण्मयी, माझ्याकडे बघ, बघत राहा. गोदावरीबाई समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होत्या आणि पाठीमागून येणारी ती शिट्टी ऐकत होत्या. प्रत्येक सिग्नलला त्यांना वाटे की आता ती थांबेल. आणि लगेच भीती वाटे की थांबली तर कशामुळं थांबली असेल.

दवाखान्यात तिला आत घेतलं, नाकाला नळी लावली, सलाईन लावलं. अर्ध्या तासानं डॉक्टर बाहेर आले. त्यांनी सांगितलं की श्वास मोकळा झालाय, इंजेक्शन वेळेवर दिलंत म्हणून. पण हे पुन्हा उसळू शकतं, तेव्हा सहा तास हलायचं नाही आणि कुणीतरी सतत तिच्यावर लक्ष ठेवायचं. ओठ, घसा, श्वास. जरा काही वाटलं तर लगेच सांगायचं.

खाटेपाशी एक बाकडं होतं. एका टोकाला अदिती बसली, दुसऱ्या टोकाला गोदावरीबाई. मृण्मयी डोळे मिटून पडली होती. मग गोदावरीबाईंनी कुणी न विचारता सुरुवातीपासून सांगितलं. वीज, रिक्षा, फ्रिज, पुसलेला कप्पा, शुक्रवारचा नैवेद्य. गंगाधररावांनी पोरीला आयुष्य मागितलं होतं हेही सांगितलं, कारण ते खरं होतं. दोष त्यांचा नाही, मी त्यांना कारण सांगितलं नव्हतं, असंही म्हणाल्या. अदिती लेकीकडे बघत ऐकत होती.

"ताटली हातातून सुटली नव्हती," अदिती म्हणाली.

"नाही. मी सोडली."

"म्हणजे तेव्हा तुम्हाला माहीत होतं. आणि तिनं चाखलंय हे कधी कळलं?"

ह्या प्रश्नाला खोटं उत्तर देणं फार सोपं होतं. तेव्हाच कळलं आणि तेव्हाच बोलले, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मृण्मयीला वेळ आठवली नसती, दुसऱ्या कुणी काही ऐकलं नव्हतं. गोदावरीबाईंनी पदर हातात घेऊन त्याचं टोक पिळलं.

"मी फरशी पुसत होते तेव्हा. तिनं माझ्या कानात सांगितलं. मी लगेच नाही बोलले, अदितीताई. मी तिच्या ओठांकडे बघत बसले. वाटलं, नाही व्हायचं काही, मग सांगायलाच नको. तिनं गळा खाजवला तोवर मी गप्प होते."

अदितीनं मान वळवून पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. तिचा राग गोदावरीबाईंना समोर दिसत होता, आणि ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ती ओरडली नाही. मला हे कधीच कळलं नसतं, एवढंच म्हणाली. गोदावरीबाई हो म्हणाल्या.

सिस्टर एक कागद घेऊन आली. ही औषधं खालच्या दुकानातून ताबडतोब आणायची होती. अमेय अजून पोचला नव्हता. गाडी घेऊन आलेली बाई आपल्या मुलाला आणायला परत गेली होती. अदितीनं कागद घेतला, खाटेकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मग बाकड्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ती तशीच उभी राहिली. गोदावरीबाईंनी मी बसते असं म्हटलं नाही. म्हणायचा हक्क आपल्याला उरलाय असं त्यांना वाटत नव्हतं. त्या आपल्या पायांकडे बघत राहिल्या.

"तुम्ही इथं बसा," अदिती शेवटी म्हणाली. तिनं त्यांना खाटेच्या उशाशी सरकायची खूण केली. "मी पाच मिनिटांत येते. जरा काही वाटलं तर—"

"हाक मारीन."

"लगेच."

"लगेच," गोदावरीबाई म्हणाल्या.

अदिती गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यावरून पळत खाली गेला. गोदावरीबाई पोरीच्या तोंडावर वाकून बसल्या. ओठ अजून थोडा सुजलेलाच होता. छाती वरखाली होत होती. त्यांनी पापणीसुद्धा लवू दिली नाही. एक मिनिट गेलं असेल, नसेल. मृण्मयीनं झोपेतच कूस बदलली आणि ती एकदा खाकरली.

गोदावरीबाई अशा ओरडल्या की पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, कोपऱ्यातली बाई हातातला डबा टाकून उभी राहिली आणि दोन सिस्टर धावत आल्या. एकीनं मृण्मयीचं तोंड उघडून घशात बॅटरी मारली, दुसरीनं बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा वाचला. ओरडण्यानं जागी झालेली मृण्मयी सगळ्यांकडे टकामका बघत होती. काही नव्हतं. घसा कोरडा पडला होता, इतकंच.

"एनू इल्ल, अज्जी," थोरली सिस्टर वैतागून म्हणाली. काही झालेलं नाही, आणि इथं सगळे आजारी लोक आहेत, असं ओरडायचं नसतं, असं तिनं बजावलं.

सगळा वॉर्ड बघत होता. गोदावरीबाईंना लाज वाटली नाही.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुन्हा एकदा बघा."